तीन दांड्यांचा कारभार

मनुष्यजातीने गेल्या दोनशे वर्षांत जी यंत्रे निर्माण केली त्या सर्वांच्या मुळाशी आपले कष्ट आणि आपली चिंता कमी व्हावी हीच एक प्रेरणा होती, असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु समाजशास्त्रज्ञांचे लक्ष अद्याप जावे तितके गेलेले नाही असा एक वर्ग अलीकडे उदयास आला असून, यंत्राने जी चिंता मोठ्या प्रयासाने माणसाच्या शिरावरून उतरविली तीच रोख पैसे मोजून, आणि शक्य झाल्यास अस्सल स्वरूपात, परत विकत घ्यावी हा या वर्गाचा कुलाचार आहे. हे लोक संगणकावर विमाने उडवितात. त्यांतही जेट विमाने नव्हेत, तर ज्यांच्या नाकावर पंखा फिरतो आणि त्या पंख्यामागे दट्ट्यांचे इंजिन धडधडते अशी विमाने, त्या इंजिनाच्या सर्व दुखण्याखुपण्यांसह उडवितात.

संगणकावर विमान उडविणाऱ्यांचे स्थूलमानाने दोन पंथ पडतात. पहिल्या पंथाचे लोक आकाशासाठी उडतात. ते खिडकीबाहेर पाहतात, सह्याद्रीवरून जातात, आपल्या सोसायटीची गच्ची वरून दिसते का याचा शोध घेतात, आणि ती दिसली की घरच्या मंडळींना हाका मारतात. दुसऱ्या पंथाच्या लोकांना विमानास खिडकी असते हेच ठाऊक नसते. त्यांची दृष्टी सहा-आठ तबकड्यांवरील काट्यांवर खिळलेली असते. खाली एव्हरेस्ट आहे की एरंडवणे आहे याची त्यांना पर्वा नसते, आणि असलीच तर त्या त्या ठिकाणची हवा किती विरळ आहे एवढ्यापुरतीच.

माझे एक स्नेही या दुसऱ्या पंथाचे दीक्षित अनुयायी आहेत. महसूल खात्यात उभी हयात घालवून मुख्य कारकुनाच्या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले. नोकरीत असताना मागची सर्व टिपणे वाचल्याखेरीज त्यांनी कोणत्याही कागदावर सही केली नाही, आणि आता निर्देशपुस्तिकेची सर्व पाने वाचल्याखेरीज ते कोणत्याही इंजिनास ठिणगी देत नाहीत. दुपारच्या जेवणाच्या सुमारास त्यांच्या घरी गेलेल्या माणसाच्या कानावर हे संभाषण हटकून पडते:

“अहो, पानं घेऊ का? आली का तुमची मुंबई?”

“अगं, अजून निघालोच नाही. तेल गरम व्हायचंय.”

या विद्येची पूर्वपीठिका पाहू जाता तीत इंजिनास कोठेच स्थान नव्हते असे आढळते. अमेरिकेत बिंगहॅम्टन या गावी पियानो व ऑर्गन बनविणाऱ्या कारखानदाराचा मुलगा एडविन लिंक याने १९२९ च्या सुमारास वडिलांच्या कारखान्यातील भाते आणि पंप वापरून एक डुलणारी पेटी बनविली, तिला आखूड पंख लावले, आणि जमिनीवर बसल्या बसल्या उड्डाण शिकावे अशी तजवीज केली. प्रारंभी तिची गिऱ्हाइके बहुतांशी जत्रेच्या बागांतली होती. पुढे १९३४ मध्ये खराब हवेत टपाल नेताना अमेरिकन सैन्याचे अनेक वैमानिक प्राणास मुकले, तेव्हा सरकारचे डोळे उघडले आणि सैन्याने अशा सहा पेट्या खरीदल्या. म्हणजे आकाशगमनाची पहिली रंगीत तालीम बाजाच्या भात्यांवर झाली, ही गोष्ट संगीताच्या अभिमान्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. यानंतर ब्रूस आर्टविक याने १९७९ मध्ये घरगुती संगणकावर विमान उडवून दाखविले आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने तेच पुढे आपल्या नावाने बाजारात आणले. या सर्व अवतारांत इंजिन हा एक निष्ठावान नोकर होता. तो रजा मागत नसे, आजारी पडत नसे, आणि पूर्ण शक्तीने मुंबईपासून नागपूरपर्यंत पिटाळला तरी त्याच्या कपाळावर घामाचा थेंब दिसत नसे.

ही सुखाची स्थिती ज्यांना असह्य झाली त्यांत ए-टू-ए सिम्युलेशन्स या मंडळींचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांनी आपल्या विमानांत ‘अ‍ॅक्यु-सिम’ नावाची जी व्यवस्था बसविली तिच्यामुळे इंजिनास स्मरणशक्ती प्राप्त झाली. आज थंड तेलावर इंजिन रेटले, तर त्याची झीज आजच नोंदली जाते. संगणक बंद केल्याने ती पुसली जात नाही, आणि पुढल्या आठवड्यात, आपण निष्पापपणे ढग पाहत असता, एखाद्या सिलिंडरातील दाब खालावलेला आढळतो. वेदान्तातील संचिताची कल्पना प्रवचनांतून समजून घेण्यास ज्यांना अडचण पडली, त्यांना ती या विमानात एका आठवड्यात समजते. यात भर म्हणून एक कार्यशाळाही आहे. तेथे कोणता भाग झिजला, तेल किती काळवंडले, कोणत्या प्लगवर काजळी बसली याची कैफियत लेखी मिळते. माझे स्नेही ती कैफियत प्रत्येक उड्डाणानंतर वाचतात आणि वेगळ्या वहीत उतरवून काढतात. संगणकाच्या स्मरणशक्तीवर त्यांचा विश्वास आहे, परंतु दप्तर ते दप्तर.

आता प्रत्यक्ष कारभाराकडे वळू. सामान्य माणसाची समजूत अशी असते की विमानात एक दांडा असतो. तो पुढे लोटला की विमान जोरात जाते आणि मागे ओढला की हळू. वस्तुतः दांडे तीन आहेत. पहिला काळा, तो थ्रॉटल, इंजिनात हवा किती जावी हे तो ठरवितो. दुसरा निळा, पंख्याने मिनिटाला किती फेरे घ्यावेत हे तो ठरवितो, आणि त्याच्या हुकमाप्रमाणे पंख्याची पाती आपला कोन आपोआप बदलतात. तिसरा तांबडा, हवेत पेट्रोल किती मिसळावे हे त्याच्या अखत्यारीत येते. प्रत्येकाच्या मुठीचा आकारही निराळा असतो, जेणेकरून अंधारात चाचपडतानाही वैमानिकाचा हात भलत्या अंमलदाराच्या खांद्यावर पडू नये.

या तिघांच्या कारभाराचा शिरस्ता ठरलेला आहे. शक्ती वाढवावयाची असेल तर आधी तांबडा पुढे, मग निळा, मग काळा. कमी करावयाची असेल तर आधी काळा मागे, मग निळा, आणि सरतेशेवटी तांबडा. हे दांडे सामान्यतः डावीकडून उजवीकडे काळा, निळा, तांबडा असे मांडलेले असल्यामुळे वाढीचा अर्ज उजवीकडून डावीकडे जातो आणि कपातीचा डावीकडून उजवीकडे. यामागे कारण आहे. पंखा मंदगतीने फिरत असता सिलिंडरात भरमसाट हवा कोंबली तर आतील मिश्रण जळण्याऐवजी सुरुंगासारखे उडते आणि दट्ट्याचे डोके फुटते. नवशिक्यास हे कारण समजण्यास वेळ लागतो. माझ्या स्नेह्यांना कारणाची गरजच भासली नाही. प्रत्येक प्रकरण योग्य त्या मार्गाने आणि योग्य त्या क्रमाने गेले पाहिजे, हे एकदा पुस्तिकेत छापलेले दिसल्यावर त्यांचे पूर्ण समाधान झाले. किंबहुना, या खात्यात आपण तरुणपणीच भरती व्हावयास हवे होते, असे ते बोलून दाखवितात.

सिलिंडरांकडे जाणाऱ्या हवेचा दाब ज्या तबकडीवर दिसतो तिचे नाव मॅनिफोल्ड प्रेशर. तो पाऱ्याच्या इंचांत मोजतात. या तबकडीचा स्वभाव तत्त्वचिंतकाने अभ्यासावा असा आहे. इंजिन मंदगतीने चालत असता काटा दहा-बारा इंचांवर असतो. चांगल्या कामास लागले की वीस-पंचवीसवर येतो. आणि इंजिन पूर्ण बंद असता तो थेट तीस इंचांच्या आसपास जाऊन बसतो, कारण त्या वेळी तो फक्त बाहेरच्या वातावरणाचा दाब दाखवीत असतो, आणि समुद्रसपाटीवर तो प्रमाण हवेत २९.९२ इंच भरतो. जो काहीच करीत नाही त्याचाच दाब सर्वांत अधिक, हा सिद्धान्त इतक्या निर्विवादपणे मांडणारे दुसरे उपकरण माझ्या पाहण्यात नाही. याहून गहन प्रकार पुढे आहे. उडत असता इंजिनाने अकस्मात प्राण सोडला तरी वाऱ्याने पंखा फिरतच राहतो, फिरत्या पंख्याची पाती आपला कोन बदलून फेरे कायम राखतात, आणि दाबाचा काटाही आपली जागा फारशी सोडीत नाही. सबब दोन्ही तबकड्या ‘सर्व आलबेल’ असा अहवाल देत असतात आणि विमान मात्र खाली चाललेले असते. अशा अहवालांची सवय असल्यामुळे माझे स्नेही गडबडत नाहीत. ते कागद बाजूस सारून थेट जागेवर पाहणी करतात, म्हणजे खिडकीबाहेर पाहतात. एरवी ते तसे कधीच करीत नाहीत.

तांबड्या दांड्याविषयी जितके लिहावे तितके थोडे. उंचावर हवा विरळ होते, पेट्रोल मात्र तितकेच येत राहते, म्हणून वर जाताना तांबडा दांडा हळूहळू मागे घेऊन पेट्रोल आवरावे लागते. रसायनशास्त्राचा हिशेब असा की एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते. पेट्रोल त्याहून अधिक असेल तर ते मिश्रण ‘रिच’, कमी असेल तर ‘लीन’. दांडा मागे घेत गेले की बाहेर पडणाऱ्या तप्त वायूचे तापमान वाढत वाढत एका शिखरास पोचते आणि तेथून पुन्हा उतरू लागते. या शिखराच्या अलीकडे थांबावे की पलीकडे उतरावे, या एका प्रश्नावर दट्ट्याच्या इंजिनांचे भक्त दोन संप्रदायांत विभागले गेले आहेत. अलीकडचे म्हणतात की जादा पेट्रोल इंजिनास थंड ठेवते. पलीकडचे म्हणतात की त्याच जादा पेट्रोलाने प्लग काजळतात आणि पैसा जळतो. द्वैत आणि अद्वैत यांच्या वादात उभयपक्षी जी विद्वत्ता खर्ची पडली असेल तिच्याशी तुलना करता येईल इतकी विद्वत्ता या वादात खर्ची पडली आहे. विशेष हे की संगणकावर हा वाद घालणाऱ्या आणि केसभरही माघार न घेणाऱ्या मंडळींपैकी बहुतेकांच्या मालकीचे, स्कूटरचे सोडल्यास, एकही इंजिन नसते.

इंजिन बंद करावयाचे तेही याच दांड्याने. किल्ली फिरवून बंद करणे हा असंस्कृतपणा समजला जातो, आणि त्याचे कारण गंभीर आहे. विमानाच्या इंजिनास ठिणगी पुरविणारे मॅग्नेटो विजेच्या घटावर अवलंबून नसतात. त्यांची एखादी तार तुटलेली असेल तर किल्ली बंद असतानाही ते जागे राहतात, आणि सिलिंडरात थोडे पेट्रोल उरले असेल तर कोणी पंख्याला नुसता हात लावताच इंजिन उसळी घेऊन त्याचा हात तोडू शकते. म्हणून तांबडा दांडा पूर्ण मागे ओढून आधी पेट्रोल संपवावयाचे. संगणकाच्या पडद्यावरील पंख्याने आजवर कोणाचा हात तुटल्याचे ऐकिवात नाही. तथापि माझे स्नेही या बाबतीत कोणताही धोका पत्करीत नाहीत.

“अगं, पुढनं जाऊ नकोस, पंखा फिरतोय.”

“पंख्यानं मी मरायची नाही. पण तुम्ही दूध आणलं नाहीत तर आज चहा व्हायचा नाही, एवढं लक्षात ठेवा.”

उड्डाणापूर्वी मॅग्नेटोंची परीक्षा घ्यावयाची असते. मिनिटाला १७००-१८०० फेऱ्यांवर इंजिन ठेवून दोनांपैकी एक मॅग्नेटो बंद करावा. फेरे थोडे घटतात. ही घट सेस्नासारख्या विमानात सुमारे दीडशेच्या आत असली की ठीक. परंतु घट मुळीच झाली नाही तर ते अधिक वाईट, कारण त्याचा अर्थ बंद केलेला मॅग्नेटो बंद झालेलाच नाही असा असू शकतो. हा नियम प्रथम वाचला तेव्हा माझे स्नेही हर्षभरित झाले. ज्या जमाखर्चात एका पैचीही तफावत निघत नाही तो जमाखर्च तपासनिसाने अधिक बारकाईने पाहावा, हे तत्त्व त्यांनी आयुष्यभर पाळले होते. त्याला अमेरिकन अभियंत्यांची मान्यता आहे हे त्यांना उतारवयात कळले.

या शास्त्रातील सर्वांत अविश्वसनीय प्रकरण बर्फाचे. जुन्या सेस्ना १७२ सारख्या विमानांत कार्बोरेटर असतो. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते आणि तेथेच पेट्रोलाची वाफ होते. झिरपणाऱ्या पाण्याची वाफ होताना माठ जसा आतल्या पाण्याची उष्णता काढून घेतो, त्याच न्यायाने ही पेट्रोलाची वाफ कार्बोरेटराची उष्णता काढून घेते. आतील तापमान तीस अंशांहूनही अधिक उतरू शकते, आणि हवेतील दमटपणाचा तेथल्या तेथे बर्फ होऊन इंजिनाचा गळा आवळला जातो. बाहेर ३८ अंश उष्णता असतानाही हे घडू शकते, असे अमेरिकन सरकारच्या वैमानिकांसाठी काढलेल्या अधिकृत ग्रंथात नमूद आहे. तात्पर्य, जुलै महिन्यात, जुहूच्या धावपट्टीवर उतरण्यासाठी थ्रॉटल मागे घेतला असता, सदरा अंगाला चिकटत असताना इंजिनात बर्फ धरू शकतो. माझ्या स्नेह्यांनी हे आपल्या नातवास समजावून सांगितले तेव्हा तो संभ्रमात पडला.

“आजोबा, जुहूला बर्फ? गोळेवाल्याकडे असतो तो?”

“गोळेवाल्याकडे बघता येतो रे. हा दिसत नाही, म्हणून तर इंजिन बंद पडतं.”

यावर उपाय म्हणून गरम हवा आत सोडण्याची एक कळ असते. तिची गंमत अशी की ती ओढताच इंजिन सुधारण्याऐवजी आधी अधिकच खोकू लागते, कारण वितळलेला बर्फ पाणी होऊन त्यातूनच जातो. भेकड मनुष्य या टप्प्यावर कळ पुन्हा आत ढकलतो आणि उरलेला बर्फ सुखाने आपले काम पुरे करतो. ज्याचा पुस्तिकेवर विश्वास आहे तोच खोकला सहन करून तरून जातो.

साध्या विमानांवर ज्यांचे समाधान होत नाही ते यथावकाश दुसऱ्या महायुद्धाकडे वळतात. त्या युद्धातील राष्ट्रे एकाच हवेत लढत होती, परंतु इंजिनात कोंबलेल्या त्याच हवेचा दाब अमेरिकन पाऱ्याच्या इंचांत मोजीत, रशियन पाऱ्याच्या मिलिमीटरांत, इंग्रज चौरस इंचावरील पौंडांत, आणि जर्मन वातावरणाच्या पटींत. सबब हौशी वैमानिकास पक्ष बदलताना आधी त्रैराशिक करावे लागते. स्पिटफायरचे सौंदर्य जगप्रसिद्ध आहे. तथापि तिच्या आरंभीच्या आवृत्त्यांत पाणी थंड करणारा रेडिएटर एकाच पंखाखाली बसविलेला असून जमिनीवर असता चाकाचा पायच त्याच्या समोर येतो, ही गोष्ट चित्रांत दिसत नाही. परिणामी ही सुंदरी धावपट्टीवर ताटकळत उभी राहू शकत नाही. काही मिनिटांतच तिचा पारा चढतो. तिच्या मर्लिन इंजिनास आणखी एक खोड होती: विमानाचे नाक एकदम खाली दाबले की कार्बोरेटरातील पेट्रोल वर उसळून इंजिन क्षणभर गुदमरत असे, आणि पेट्रोल थेट सिलिंडरात फवारणाऱ्या इंजिनाचा जर्मन शत्रू तेवढ्यात निसटून जात असे. फार्नबरोच्या सरकारी विमान-संशोधन संस्थेतील बिअ‍ॅट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी १९४१ मध्ये यावर उपाय काढला. आणि तो उपाय होता पेट्रोलाच्या वाटेत बसविण्याचा, भोक पाडलेला एक लहानसा पितळी तुकडा. ब्रुकलँड्सच्या धावमार्गावर ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने मोटारसायकल हाकलेल्या या बाईंनी हा प्रश्न एका तुकड्याने पुष्कळसा सोडविला, आणि तरीही हौशी मंडळी त्या तुकड्यापूर्वीचीच स्पिटफायर मुद्दाम निवडतात. कारण तिच्यात अडचण अधिक आहे.

याउलट जर्मनांच्या फोके-वुल्फ १९० या विमानाची दशा पाहावी. त्याच्या इंजिनाबरोबर ‘कोमांडोगेरेट’ नावाचे एक यांत्रिक दिवाण नेमलेले होते. वैमानिकाने एक दांडा हलवावा, आणि फेरे, मिश्रण, ठिणगीची वेळ, हवा कोंबणाऱ्या पंपाचा वेग, या सर्वांचा बंदोबस्त दिवाणाने परस्पर करावा. प्राण हातात घेऊन लढणाऱ्या वैमानिकास याहून मोठे वरदान कोणते? परंतु खुर्चीत बसून लढणाऱ्यास ते अपमानास्पद वाटते. माझ्या स्नेह्यांनी ते विमान एकदाच उडविले आणि “हे चालवणं नव्हे, चालवून घेणं झालं,” असा शेरा मारून फाइल बंद केली.

अमेरिकनांच्या मस्टँग विमानाच्या बाबतीत मुदतींचा प्रश्न उपस्थित होतो. उड्डाणास ६१ इंच दाब आणि ३००० फेरे ही तिची नेहमीची परिसीमा. त्यापुढे थ्रॉटलाच्या वाटेत एक बारीक तार असे, ती तोडून दांडा पुढे नेला की ६७ इंच मिळत, आणि ते पाच मिनिटांपुरते. ही मुदत यंत्राची झीज मर्यादेत राहावी म्हणून घातलेली होती, आणि तार तुटलेली दिसली की जमिनीवरील कारागीर इंजिन तपासत. परंतु युद्धविमानांच्या काही खेळांत इंजिनाच्या मनगटावर घड्याळ बांधल्यासारखी स्थिती असते: पाच मिनिटे पुरी होईतो ते दणदणीत, आणि मुदत टळताच मालमत्ता जप्त. अशा इंजिनांवर हौशी मंडळींचा राग आहे, आणि तो रास्त आहे. तेल किती तापले, पाणी किती तापले, याची दाद न घेता फक्त तारीख पाहून निकाल देणारे इंजिन आणि तसाच निकाल देणारी कचेरी, यांत निवड करणे कठीण.

आणि या विद्येचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यास चार्ल्स लिंडबर्गचे उदाहरण पुरे आहे. एकाच इंजिनाच्या भरवशावर साडेतेहतीस तासांत न्यूयॉर्कहून पॅरिस गाठून १९२७ मध्ये जगद्विख्यात झालेला हा मनुष्य १९४४ मध्ये न्यू गिनीच्या रणभूमीवर, गणवेश आहे पण हुद्दा नाही अशा स्थितीत, पी-३८ विमानांच्या तरुण वैमानिकांना भेटला. ही पोरे पंखा वेगाने फिरवीत आणि पेट्रोल उदार हाताने जाळीत. लिंडबर्ग त्यांच्याचबरोबर जाऊन परत येई आणि त्याच्या टाकीत इतरांपेक्षा पुष्कळ अधिक पेट्रोल शिल्लक राही. त्याने त्यांना शिकविले ते एवढेच: निळा दांडा मागे, फेरे १६०० पर्यंत उतरवा, दाब मात्र चढता राहू द्या, मिश्रण लीन ठेवा. अशाने इंजिने खराब होतील ही पोरांची भीती निराधार ठरली, विमानांचा पल्ला शेकडो मैलांनी वाढला, आणि ही वाढ एक पैचाही नवा सुटा भाग न बसविता झाली. सरकारी खर्चात अशी काटकसर इतिहासात क्वचितच घडली असेल.

या मार्गावरचे अखेरचे तीर्थस्थान चार इंजिनांचे विमान. बोइंगच्या स्ट्रॅटोक्रूझरच्या एकेका इंजिनास २८ सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरास दोन प्लग. चार इंजिनांचे मिळून २२४ प्लग, आणि त्यांपैकी कोणताही केव्हाही संपावर जाऊ शकतो. लॉकहीडच्या कॉन्स्टेलेशनची इंजिने त्या मानाने आटोपशीर, एकेकी अठरा सिलिंडरांची. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा मार्गे लंडनला निघाले ते याच कुळातील. त्या विमानांत इंजिनांच्या देखभालीसाठी एक स्वतंत्र अभियंता बसत असे. आमच्या हौशी वैमानिकास कप्तान, उपकप्तान, अभियंता आणि कार्यशाळेचा फोरमन हे सर्व हुद्दे एकाच खुर्चीत आणि एकाच पगारात, म्हणजे बिनपगारी, सांभाळावे लागतात. तो सुरुवात करण्यापूर्वी पंखा सावकाश फिरवून पाती मोजतो, कारण गोलाकार मांडणीच्या इंजिनांत खालच्या सिलिंडरांत रात्रभर तेल साचते, तेल दाबले जात नाही, आणि तशीच ठिणगी दिली तर आतला दांडा वाकतो. सकाळी सातला माझ्या स्नेह्यांच्या घरातून संथ स्वरात आकडे ऐकू आले, तर शेजाऱ्यांनी तो जप समजू नये.

एवढा उपद्व्याप कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर मी बराच काळ शोधीत होतो. हे कौशल्य पोट भरीत नाही. आजच्या जेट विमानात इंजिनाचा सारा जमाखर्च संगणकच पाहतो. खुर्चीतल्या वैमानिकास पेट्रोलाचा वास येत नाही, हादरे बसत नाहीत, आणि खऱ्या मालकाचा सर्वांत मोठा शिक्षक, म्हणजे दुरुस्तीचे बिल, त्याच्या घरी कधीच येत नाही. साध्या लायकमिंग इंजिनास सुमारे दोन हजार तासांनी मोठी दुरुस्ती सुचविलेली असते. रोज एक तास उडविले तरी ती यावयास साडेपाच वर्षे लागतील. आणि तरीही माझे स्नेही उतरल्यावर इंजिन लगेच बंद करीत नाहीत. मंदगतीने चालू ठेवून त्याला निवू देतात, मगच तांबडा दांडा ओढतात. ज्या वस्तूची हानी झाल्याने जगात कोणाचेही काडीइतके नुकसान होणार नाही तिचीही निगा राखणे, आणि ती कोणी पाहत नसताना राखणे, यालाच आपल्याकडे निष्काम कर्म म्हणतात. जो मनुष्य तेल गरम होईपर्यंत थांबावयास शिकला तो कशासाठीही थांबू शकतो. घरातल्या दुधाचा प्रश्न तेवढा निराळा. त्या खात्याचा शिरस्ता अद्याप कोणी छापलेला नाही.

ज्या वाचकांस या मार्गास लागण्याची इच्छा झाली असेल त्यांना दोन शब्द सांगून हा लेख पुरा करतो. आरंभ साध्या सेस्नापासून करावा. तिच्या पंख्याचा कोन बदलत नाही, त्यामुळे निळा दांडाच नाही, आणि निम्मे संकट परस्पर टळते. ती अंगवळणी पडल्यावर तीन दांड्यांचे विमान घ्यावे, मग युद्धाकडे जावे, आणि चार इंजिनांकडे निवृत्तीनंतरच वळावे. पहिले इंजिन जळाले तर खेद करू नये. दुसरे जळाले तर पुस्तिका वाचलेली नाही असे समजावे. तिसरे जळाले तर आकाश पाहणाऱ्यांच्या पंथात सामील व्हावे, त्या पंथातही सज्जन लोक आहेत. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरात कंट्रोल आणि ई या दोन कळा एकदम दाबल्या की इंजिन आपोआप सुरू होते. ही सोय वापरणे हा कोणत्याही कायद्याने गुन्हा नाही. फक्त ती माझ्या स्नेह्यांच्या देखत वापरू नये.